भरपाई ही भिक्षा नव्हे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, जळगाव येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर-परिचय हे विषय या व्यासपीठावर दरवर्षी होतात व ते व्हावेतच. आज आम्ही निराळा विषय मांडणार आहोत. अपघातात ज्याचा हात, पाय, डोळा अथवा पाठीचा कणा कायमचा निकामी झाला, त्याला कायद्याने काय मिळू शकते, हा तो विषय होय.

घरात मृत्यू झाला की ज्ञात धावून येते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, वर्गणीही जमते. परंतु जो जगला आणि अंथरुणाला खिळला, त्याच्या दारची वर्दळ महिन्याभरात ओसरते. 'नशिबाचे भोग' म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. मग शेत गहाण पडते आणि मुलाची शाळा सुटते. वास्तविक, गेलेल्या अवयवाबरोबर जी कमाई गेली, ती मागण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवलेला आहे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. २२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी पाचोऱ्याजवळ, माहेजी व परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. भयभीत प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि त्याच रुळांवरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जीव गेले. कित्येक जखमी झाले. रेल्वेने मृतांच्या वारसांस दीड लाख, गंभीर जखमींस ५० हजार व किरकोळ जखमींस ५ हजार रुपये जाहीर केले. हे सानुग्रह अनुदान होय. ते देणाऱ्याच्या मर्जीने येते. भरपाई ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. ती १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे, घटनेपासून एक वर्षाच्या आत, हक्काने मागावयाची असते. १ जानेवारी २०१७ पासून तेथे मृत्यूस ८ लाख रुपये ठरलेले आहेत, आणि दोन्ही हात गेल्यासही तितकेच. एखादा प्रसंग कायद्याच्या कलमात बसतो की नाही, हे न्यायाधिकरण ठरवील. परंतु अनुदानाचा चेक हाती पडला म्हणजे हिशेब मिटला, असे कोणी समजू नये.

आता रस्त्याकडे वळू. धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, तर धुळे, जळगाव, भुसावळ यांना जोडणारा महामार्ग नागपूरकडे जातो. या रस्त्यांवर ज्ञातीतील किती तरुण जायबंदी झाले, हे आपण जाणताच. येथे १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू होतो व दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. तेथे रक्कम कशी ठरते, हे आमच्या जुन्या सवयीप्रमाणे फळ्यावरच्या गणितासारखे सांगतो.

समजा, रावेरकडची केळी वाहून नेणारा २८ वर्षांचा ट्रकचालक महिना १५ हजार रुपये मिळवीत होता आणि दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या अपघातात त्याचा डावा हात गेला. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजार झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे या वयास १७ चा गुणक आहे. म्हणजे ३० लाख ६० हजार. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व ६० टक्के असेल, तर कोणीही १८ लाख ३६ हजारांवर थांबेल. येथेच चूक होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शरीर किती टक्के गेले हा प्रश्न नसून कमाईची शक्ती किती गेली हा प्रश्न आहे. हात गेलेला कारकून कारकुनी करू शकेल. चालकाचा किंवा सुताराचा धंदा मात्र जवळजवळ पूर्ण बुडाला. त्याची हानी शंभर टक्के धरली जाऊ शकते. एवढा एक मुद्दा मांडला गेला नाही, तर त्या घराचे १२ लाख २४ हजार बुडतात. याखेरीज भावी उत्पन्नवाढ, औषधोपचार, यातना व सोबतीस ठेवलेल्या माणसाचा खर्च हे निराळेच. एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा सर्व बाबी मोजून सुमारे ६२ लाख रुपये दिले. गृहिणीच्या घरकामालाही मोल आहे, हेही त्याच न्यायालयाने मान्य केलेले आहे. म्हणून, भगिनींनो, 'मी काही कमवीत नव्हते' असे म्हणून मागे राहू नका.

कामावरील अपघाताचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. आता त्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. येथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. जिनिंगमधील कामगार जसा यात येतो, तसा यंत्राने चालणाऱ्या शेतीत नोकरीस असलेला मजूरही येतो. आपल्यापैकी जे स्वतः मालक आहेत, त्यांनी मळणीयंत्रात हात गेलेल्या मजुराला चार नोटा देऊन वाटेला लावू नये. हक्क सांगताना जबाबदारी विसरणे आपणांस शोभत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. फिर्याद, पंचनामा, दवाखान्याचे केसपेपर, औषधांच्या पावत्या व उत्पन्नाचा पुरावा जपून ठेवावा. रस्त्यावरील अपघाताच्या दाव्यास १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर कोणी राहू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये. मिळणाऱ्या रकमेत वकिलाने हिस्सा ठरविणे हे वकिलीच्या नियमांस धरून नाही. फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अपंग व औद्योगिक कामगार यांना तेथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. आणि पैसा हाती आल्यावर तो लग्नकार्यात उडवू नये. तो त्या जखमीच्या उरलेल्या आयुष्याचा आहे. म्हणूनच न्यायाधिकरण त्यातील बराचसा भाग बँकेत मुदतठेवीत ठेवावयास लावते.

शेवटी मंडळास एक विनंती. ज्ञातीत वकील आहेत, डॉक्टर आहेत, लिहितेवाचते निवृत्त लोक तर पुष्कळच आहेत. अशा पाच जणांची समिती नेमावी. अपघाताची वार्ता येताच एकाने आठवड्याच्या आत जखमीच्या घरी जावे, कागद गोळा करावेत, मुदतीची तारीख लिहून द्यावी आणि तारखेस त्याच्याबरोबर कोर्टाची पायरी चढावी. आमच्यासारख्यांना पायांनी साथ दिली तोवर आम्ही या कामास तयार आहोत. मृताला खांदा देणे हा आपला धर्म आहेच. जिवंत माणसाला हात देणे हाही धर्मच होय.