आवडती-नावडती नगरे : इब्न बतूताची प्रतवारी



परदेशातून परतलेल्या माणसाला पहिल्या चहाबरोबरच एक प्रश्न विचारला जातो : सर्वांत चांगले शहर कोणते वाटले, आणि सर्वांत वाईट कोणते? उत्तरही बहुधा फार विचार न करता दिले जाते. कोठे हॉटेलवाल्याने फसवलेले असते, कोठे एखाद्या अनोळखी बाईने वाट दाखवलेली असते, आणि तेवढ्यावर लाखो लोकांच्या नगराचा निकाल लागतो. या जातीचे निकाल सर्वांत मोठ्या अनुभवाच्या बळावर ज्याने दिले, असा एक प्रवासी सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव इब्न बतूता.

मोरोक्कोतील टँजियर येथे १३०४ साली त्याचा जन्म झाला. घराणे काझींचे. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेसाठी घराबाहेर पडला. आईवडील हयात होते. त्यांना सोडून जाताना दोन्ही बाजूंना दुःख झाले, असे त्याने नमूद केले आहे. जो वर्ष-दोन वर्षांत परतायचा, तो परतला चोवीस वर्षांनी. अभ्यासकांच्या हिशेबाने त्याचा एकूण प्रवास लाख किलोमीटरहून अधिक भरतो. पुढे फेज येथे सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपली कहाणी इब्न जुझय्य नावाच्या विद्वान लेखनिकाला सांगितली आणि १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. या लेखनिकाने काही ठिकाणी, विशेषतः दमास्कसच्या वर्णनात, इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाचा मजकूर सरळ उचलला आहे. चीनमध्ये इब्न बतूता खरोखर कोठवर पोहोचला याबद्दलही इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु आवडनिवड उसनी आणता येत नाही. ती त्याची स्वतःची आहे, आणि या ग्रंथात ती पानोपानी सापडते.

तिचे मूळ ट्यूनिस शहरात आहे. घर सोडून थोडेच दिवस झाले होते. वाटेत ताप आला, तेव्हा अशक्तपणामुळे पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले होते. तशा अवस्थेत तांडा ट्यूनिसला पोहोचला. नगरवासी सामोरे आले, ओळखीच्यांना भेटले, सलाम झाले, मिठ्या झाल्या. या तरुणाला मात्र कोणी विचारले नाही, कारण त्याला तेथे कोणी ओळखतच नव्हते. तो रडू लागला. ते पाहून एक यात्रेकरू त्याच्याजवळ आला, त्याने त्याला सलाम केला आणि नगरात शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला. पुढची चोवीस वर्षे इब्न बतूता ज्या ज्या नगरात शिरला, तेथे त्याने मनाशी हाच हिशेब मांडलेला दिसतो : येथे परक्याला सलाम कोण करतो?

अर्थात प्रत्येक प्रतवारी इतकी हळवी नाही. बंदरांचा निकाल तो व्यापाऱ्याच्या थंडपणाने देतो. अलेक्झांड्रियाचे बंदर पाहून तो म्हणतो की याच्या तोडीची बंदरे जगात चारच आहेत : हिंदुस्थानात कोल्लम आणि कालिकत, क्रिमियात सुदाक, आणि चीनमध्ये झैतून, म्हणजे आजचे च्वानचौ. पाचांपैकी दोन केरळच्या किनाऱ्यावरची आहेत, ही गोष्ट आजही शाळेच्या भूगोलात क्वचितच सांगितली जाते. प्रत्यक्ष झैतूनला पोहोचल्यावर तो जुना क्रम बाजूला ठेवतो आणि जगातले सर्वांत मोठे बंदर हेच, असे सांगून मोकळा होतो. मत बदलल्याचा त्याला संकोच नाही. कैरोला तो नगरांची माता म्हणतो आणि तिच्या गर्दीचा अंदाज देताना उंटांवरून पाणी वाहणारे बारा हजार आणि जनावरे भाड्याने देणारे तीस हजार असे आकडे फेकतो. ते कोणी मोजले होते, हे विचारण्यात अर्थ नाही.

तळाचे स्थान झैला या आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराचे. नगर मोठे, बाजारपेठ मोठी, पण जगात याच्याइतके घाणेरडे आणि दुर्गंधीयुक्त नगर नाही, असा त्याचा निर्वाळा. कारणेही दोन दिली आहेत : मासळीची रेलचेल, आणि गल्ल्यांतच कापल्या जाणाऱ्या उंटांचे रक्त. समुद्र खवळलेला असूनही त्या रात्री तो नगरात न राहता गलबतावर झोपला. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील धोफारच्या बाजाराचीही माशा आणि वास यांवरून अशीच संभावना झाली आहे. नाकाने दिलेला निकाल म्हणून हे सोडून देता येईल. बसऱ्याचा निकाल मात्र कानाने दिलेला आहे, आणि तो अधिक लागतो.

बसरा म्हणजे अरबी व्याकरणाचे माहेरघर. सीबवैहसारखा वैयाकरण याच परंपरेचा अग्रणी. अशा नगरात शुक्रवारच्या नमाजाला इब्न बतूता गेला असता प्रवचनकाराने एकामागून एक ढळढळीत व्याकरणाच्या चुका केल्या. थक्क होऊन त्याने काझीकडे हा विषय काढला. काझीने शांतपणे सांगितले की आता या गावात व्याकरण जाणणारे कोणीच उरले नाही. झैलाची घाण पावसाने धुतली जाऊ शकते. ज्या नगराने भाषेचे नियम जगाला दिले, त्याच नगरात ती चुकीची बोलली जाते आणि कोणाला खटकतही नाही, याला उपाय काय? महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठीची शाळा चालवणाऱ्यांना या प्रसंगाचे वेगळे स्पष्टीकरण नको.

आवडत्या नगरांत अग्रस्थान दमास्कसचे. १३२६ साली तो तेथे प्रथम गेला. सौंदर्याची स्तुती बरीचशी उसन्या शब्दांतली आहे, पण तेथील धर्मादाय निधींची हकिगत त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहे. ज्यांना मक्केला जाणे झेपत नाही त्यांच्यासाठी निधी होता. गरीब मुलींच्या लग्नासाठी, बंदिवानांच्या सुटकेसाठी, वाटसरूंच्या अन्नवस्त्रासाठी आणि गावी परतण्याच्या खर्चासाठी असे वेगवेगळे निधी होते. रस्त्यांच्या फरसबंदीसाठीसुद्धा एक होता, कारण तेथील गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ होते आणि स्वार मधून जात. एके दिवशी एका गल्लीतून जाताना त्याने पाहिले की एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. भोवती माणसे जमली. मुलगा घाबरला होता, कारण मालक मारणार किंवा निदान रागे भरणार हे ठरलेले. तेव्हा कोणीतरी म्हणाले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या निधीच्या व्यवस्थापकाकडे चल. तो गृहस्थ स्वतः बरोबर गेला, व्यवस्थापकाने तुकडे पाहिले आणि तसले दुसरे ताट घेण्यापुरते पैसे मुलाच्या हातावर ठेवले. फुटलेल्या भांड्यांसाठी नगराने वेगळा निधी राखून ठेवावा, आणि त्याची माहिती रस्त्यावरच्या वाटसरूला असावी! हे फुटलेली मने सांधणारे काम आहे, असा इब्न बतूताचा अभिप्राय. राजवाडे आणि मशिदी यांच्या वर्णनांनी ग्रंथ भरला आहे, पण एखादे नगर का आवडावे याचे इतके नेमके उत्तर त्यात दुसरे नाही.

दिल्लीविषयी त्याचे मन दुभंगलेले आहे. मुहम्मद तुघलकाने त्याला काझीपद दिले, वर्षाला बारा हजार दिनारांचे वेतन दिले. पूर्वेकडील इस्लामी नगरांत दिल्लीएवढे मोठे दुसरे नाही, असे तो लिहितो, आणि लगेच सांगतो की आपण पोहोचलो तेव्हा ते जवळजवळ ओस होते. राजधानी दौलताबादेला हलवण्याच्या हुकुमाची हकिगत त्याने ऐकीव म्हणून दिली आहे. त्यातली आंधळ्याला फरफटत नेल्याची आणि त्याचा केवळ पाय दौलताबादेला पोहोचल्याची गोष्ट अतिरंजित असावी, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दरबारची भीती मात्र अतिरंजित नाही. त्या दारात रोज कोणी श्रीमंत होतो आणि कोणी प्राणास मुकतो, असे त्याने म्हटले आहे. स्वतःवरही पहारा बसला, तेव्हा त्याने उपास धरले आणि प्रार्थना केल्या. पगार चांगला, पण झोप नाही, अशी नोकरी ज्यांनी केली असेल त्यांना त्याची दिल्ली कळेल.

दिल्लीहून दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, आणि ती दुतर्फा झाडांनी अशी सजलेली की वाटसरूला बागेतून चालल्याचा भास व्हावा. दौलताबाद त्याला मनापासून आवडले. मोठेपणात ते दिल्लीच्या तोडीचे, तीन भागांत वसलेले, आणि देवगिरीचा किल्ला बळकटपणात अद्वितीय. द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, गायक-गायिकांचा तराबाबाद नावाचा स्वतंत्र बाजार आहे, हे तो कौतुकाने नोंदवतो. किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांना भिऊन पळतात, ही माहिती त्याला तेथे कैद भोगून आलेल्या एका सरदाराने दिली. येथील लोक ‘मरहट्ट’, असे तो लिहितो, आणि त्यांच्या स्त्रियांचे नाक व भुवया विशेष देखण्या असल्याचे सांगायला विसरत नाही. नंदुरबारचे मराठे त्याला कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी वाटले. ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, जनावरांना इजा करणे त्यांना रुचत नाही आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक करत नाहीत. चौदाव्या शतकातील मराठी घराचा उंबरठा एका मोरोक्कन पाहुण्याने असा डोकावून पाहिला आहे. पुढे खंबायत लागले. ते बांधणीत सर्वांत देखण्या नगरांपैकी एक, आणि त्याचे कारण त्याच्या मते असे की तेथील बहुतेक रहिवासी परदेशी व्यापारी आहेत व ते एकमेकांच्या चढाओढीने घरे आणि मशिदी बांधतात. परगावी राहणारा माणूस ते गाव सुंदर करतो, हे निरीक्षण मागच्या पिढीत परप्रांतात पाय रोवलेल्या मराठी कुटुंबांनी ऐकण्यासारखे आहे.

हा सारा प्रवास तुघलकाचा वकील म्हणून चालला होता. १३४२ साली तो चीनच्या बादशहासाठी नजराणे घेऊन निघाला होता. कालिकतला सर्व माल गलबतांवर चढला. शुक्रवारच्या नमाजासाठी तो किनाऱ्यावर राहिला, आणि तुफान उठले. नजराण्यांचे जहाज फुटले, त्यावरचे लोक बुडाले. त्याचे स्वतःचे सामान असलेले दुसरे गलबत शीड उभारून निघून गेले. त्याच्यापाशी दहा दिनार आणि अंथरायची एक सतरंजी एवढेच उरले. ज्या बंदरात सर्वस्व गेले, त्याला त्याने पुढेही थोर बंदरांच्या यादीतून काढले नाही. हा न्याय सर्वत्र टिकला असता तर बरे झाले असते. माली देशाच्या राजधानीत सुलतानाने पाठवलेली भेट पाहायला तो उत्सुकतेने उठला, तर समोर तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि दुधीच्या भांड्यात दही. तो हसला, आणि सुलतानाला त्याने कायमचे कंजूष ठरवले. त्या देशात चोराची भीती नाही आणि अन्याय फार थोडा, हे त्यानेच लिहिले आहे, पण दह्याचा राग गेला नाही.

चीनच्या बाबतीत तर नावडतीचे मीठ अळणी, अशीच गत. हांगचौ हे पृथ्वीवर पाहिलेले सर्वांत मोठे नगर, रेशीम अद्भुत, प्रवाशांची सुरक्षितता अद्वितीय, हे सगळे मान्य. तरीही मन रमले नाही. वेगळ्या धर्माचा देश पाहून जीव गुदमरत असे, आणि गरजेशिवाय तो घराबाहेर पडत नसे. इतके जग पाहिलेल्या माणसाची ही मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. अशात एके दिवशी भेटायला आलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ त्याला ओळखीचा वाटला. विचारपूस केली तर तो सेउटाचा निघाला. टँजियरपासून सेउटा जवळच. दोघेही रडले. पुढे सहारा वाळवंटाच्या कडेला सिजिलमासा येथे त्याच गृहस्थाच्या भावाकडे इब्न बतूता उतरला, आणि दोन भावांमधल्या त्या अंतराचे त्याला नवल वाटले.

परतीच्या वाटेवर, १३४८ साली, तो पुन्हा आपल्या आवडत्या दमास्कसला आला. वीस वर्षांपूर्वी तेथे त्याने एक गर्भवती पत्नी मागे ठेवली होती. मुलगा झाल्याची बातमी त्याला हिंदुस्थानात असताना कळली होती, आणि त्याने मुलाच्या आजोबांकडे चाळीस सोन्याचे दिनार पाठवले होते. आता मशिदीत जाऊन त्याने मुलाची चौकशी केली. मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला, असे उत्तर मिळाले. नगरात टँजियरचा एक विद्वान राहतो असे कळल्यावर तो त्याच्याकडे घरची खुशाली विचारायला गेला. वडील जाऊन पंधरा वर्षे झाली होती. आई आहे, असे त्याने सांगितले.

त्याच वर्षी दमास्कसवर प्लेगची धाड आली. त्याच्या आकड्यानुसार एका दिवसात २,४०० माणसे मेली. तीन दिवस उपास करून सारे नगर अनवाणी बाहेर पडले. मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, स्त्रिया, मुले आणि सरदारही, सगळे रडत एकाच मशिदीकडे चालले. या नगराने त्याला मुलाच्या आणि बापाच्या मृत्यूची बातमी दिली होती, तरी या प्रसंगाच्या वर्णनात कडवटपणाचा एक शब्द नाही.

१३४९ साली तो मोरोक्कोत शिरला. ताझा गावी कळले की आई प्लेगने गेली. फेजला त्याने सुलतानाची भेट घेतली, आणि पुढे ग्रंथात लिहविले की सर्व देशांत हाच देश उत्तम : फळे विपुल, पाणी वाहते, अन्न स्वस्त. पुरावा म्हणून त्याने इजिप्त आणि सिरियातील मांसाचे व फळांचे भाव मोरोक्कोतील भावांशेजारी मांडले आहेत.

मग तो टँजियरला गेला. शेकडो नगरांच्या बाजारांचे, बंदरांचे आणि हमामांचे वर्णन करणाऱ्या या माणसाने आपल्या गावाचे वर्णन केलेले नाही, की त्याला प्रतवारीत वरचे वा खालचे स्थान दिलेले नाही. आईच्या कबरीचे दर्शन घेतले, एवढेच तो सांगतो. तेथून तो सेउटाला गेला आणि तीन महिने आजारी पडला.