नॉमिनी म्हणजे मालक नव्हे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बँकेत असताना एकदा एक बाई काउंटरवर आल्या. पती वारलेले. ठेवीवर नॉमिनी दीर. लग्नाआधी लावलेलं नाव बदलायचं राहून गेलं होतं. आम्ही नियमानुसार दिरांना पैसे दिले होते. बाई म्हणाल्या, "साहेब, मग मी कोण?" त्या वारस होत्या, दिरांकडे हक्काने मागू शकत होत्या. ते मी तेव्हा नीट सांगितलं नाही. आजही खटकतं.

मुकुंदवाडीत आपण फ्लॅट घेतले तेव्हा वारसाचा विचार कुणी केला? आता पहिल्या फळीतले काही जण गेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यानुसार नॉमिनी हा वारसांची नावं लागेपर्यंतचा तात्पुरता सभासद. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं: नॉमिनी मालक होत नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनीही तुमच्यासमोर करावी. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यात काही मिळणार नाही. शेजारी कशाला आहेत! मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषामागे आई, पत्नी, मुलं-मुली सारखे वाटेकरी. लग्न झालेली लेकसुद्धा.

वाद झालाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि हो, माझ्या फ्लॅटवर परवापर्यंत आईच नॉमिनी होती. ती जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात सेक्रेटरींकडे फॉर्म दिला.