आज्ञावलीचे स्थलांतर : संकलक बदलताना काय जपावे?



मुळशी म्हटले की जुन्या पिढीला मुळा नदीवरील टाटांचे धरण आणि सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह आठवतो. नव्या पिढीला मात्र हिंजवडी आणि माण ही नावे आठवतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्क ज्या भूमीवर उभे आहे, ती मुळशी तालुक्यातीलच. येथे दररोज सकाळी लोटणारी तरुणांची गर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. पण ही मुले-मुली नेमके कोणते काम करतात, असे विचारले तर घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा ‘कॉम्प्युटरचे काम’ एवढेच उत्तर देता येते. परदेशी बँकांचे हिशेब आणि विमा कंपन्यांचे दावे यांच्या पलीकडे, याच परिसरात एक अत्यंत सूक्ष्म आणि जोखमीचे काम झाले आहे. ते काम म्हणजे मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेली आज्ञावली एका संकलकाकडून दुसऱ्या संकलकाकडे नेणे. आजचा विषय तो आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चकतीवर मावलेला संपूर्ण संगणक. गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी द्वारे हे सारे एकाच चिपमध्ये असते. धुलाईयंत्र, विजेचा मीटर, रुग्णालयातील सलाइनचा पंप, मोटारीचे इंजिन आणि ब्रेक यांत तो दडलेला असतो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले, तेव्हापासून साध्या दुचाकीतही इंधनाचे प्रमाण ठरविण्याचे काम बहुतांशी त्याच्याकडेच आले. ही आज्ञावली प्रामुख्याने ‘सी’ भाषेत लिहितात. चिपला ‘सी’ कळत नाही. तिला केवळ शून्य आणि एक यांची यंत्रभाषा कळते. या दोहोंमधील दुभाषा म्हणजे कंपायलर, अर्थात संकलक.

मग चाललेले काम सोडून दुभाषा बदलायचा कशासाठी? त्याची कारणे व्यवहारातली आहेत. काही संकलकांचे परवाने महाग असतात आणि प्रत्येक अभियंत्यामागे घ्यावे लागतात. कधी चिपच बाजारातून जाते. कधी कंपन्या एकत्र येतात. जपानच्या हिताची आणि मित्सुबिशी यांच्या अर्धवाहक शाखा २००३ मध्ये एकत्र येऊन रेनेसास जन्माला आली. २०१० मध्ये एनईसी इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात विलीन झाली. तीन घराण्यांच्या चिप आणि त्यांचे वेगवेगळे संकलक एका छताखाली आले. कधी संकलकाचा निर्माताच जुनी आवृत्ती बंद करतो. एआरएमने आपला पाचव्या पिढीचा संकलक मागे टाकून एलएलव्हीएमवर बेतलेला सहावा आणला, तेव्हा जगभरच्या कारखान्यांना आपापली जुनी आज्ञावली हलवावी लागली. वीस वर्षे टिकणाऱ्या यंत्राची आज्ञावली पाच वर्षांत बंद पडू शकणाऱ्या साधनाला बांधून ठेवणे, हे परावलंबन आहे.

या परावलंबनावरचा एक उतारा मुळशीत तयार झाला. रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेली केपीआयटी ही कंपनी २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेकच्या विलीनीकरणानंतर केपीआयटी कमिन्स झाली आणि २०१३ मध्ये केपीआयटी टेक्नॉलॉजीज. हिंजवडीत मुख्यालय असलेल्या या कंपनीने जीसीसी हा मुक्त संकलक हिताचीच्या, पुढे रेनेसासच्या, एसएच आणि एच८ या चिपसाठी बांधून, तपासून जगाला विनामूल्य उपलब्ध करून दिला. जीसीसी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला संकलक. त्याची मूळ संहिता खुली असते. ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. लेगो कंपनीच्या १९९८ च्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानवाच्या खेळण्यात हिताचीची एच८ चिप होती, यावरून या चिपचा प्रसार लक्षात यावा. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील अभियंता या चिपसाठी विनामूल्य संकलक उतरवून घेई आणि अडचण आली की पुण्याकडे प्रश्न पाठवी. त्याची उत्तरे येथील मराठी, तमिळ, तेलुगू तरुण देत असत. सीआर१६ या चिपसाठी जीसीसीमध्ये जी भर पडली, तिच्या मूळ संहितेवरही केपीआयटी कमिन्सचेच नाव होते.

आता खरा प्रश्न. भाषा तीच ‘सी’, आज्ञावली तीच, चिपही पुष्कळदा तीच. मग केवळ दुभाषा बदलला तर अडते कोठे? याचे उत्तर मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना चटकन उमगेल. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद पाळला जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर सारखेच दिसतात; कोणता घ्यायचा, हे वाचणारा संदर्भावरून ठरवितो. मोडीचे बालबोधीत लिप्यंतर करणारा चुकला, तर अक्षर बरोबर आणि अर्थ भलताच असे होते. ‘सी’ भाषेच्या प्रमाणग्रंथानेही अनेक गोष्टी जाणूनबुजून संकलकावर सोडल्या आहेत. जुन्या संकलकाने त्या एका रीतीने वाचल्या, नवा दुसऱ्या रीतीने वाचतो. दोघेही प्रमाणग्रंथाच्या चौकटीतच असतात.

पहिले उदाहरण पूर्णांकाच्या रुंदीचे. ‘इंट’ ही संख्या किती बिटांची, हे ‘सी’ भाषेने ठरवून दिलेले नाही. एका संकलकाकडे ती १६ बिटांची, तर दुसऱ्याकडे ३२ बिटांची. सोळा बिटांच्या चिन्हांकित संख्येची कमाल मर्यादा ३२,७६७. तीनशे गुणिले दोनशे म्हणजे साठ हजार. हे उत्तर ३२ बिटांत सहज मावते, १६ बिटांत मावत नाही. उलटही घडते. सोळा बिटांचा चिन्हरहित मोजक ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. तो असा फिरणार, हे गृहीत धरून काळाचे अंतर मोजणारी आज्ञावली ३२ बिटांवर नेली की तो फिरायचा थांबतो. संख्यांच्या नावातच रुंदी सांगणारे प्रकार १९९९ च्या प्रमाणग्रंथाने दिले, ते वापरावेत हे खरे. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. गणिताच्या मधल्या पायरीत लहान संख्या आपोआप ‘इंट’च्या रुंदीला वाढतात, म्हणून वजाबाकीचे उत्तर पुन्हा स्पष्टपणे सोळा बिटांत आणावे लागते.

दुसरे उदाहरण वाट पाहण्याचे. आज्ञावली एखाद्या रजिस्टरकडे पाहत थांबते : ‘हा बिट एक झाला की पुढे जा.’ तो बिट बदलतो बाहेरचा विद्युत्संकेत. संकलकाला हे ठाऊक नसते. ही जागा बाहेरून बदलू शकते, हे ‘व्होलाटाइल’ या शब्दाने त्याला सांगावे लागते. मूळ लेखकाने तो शब्द विसरला असला, तरी जुना, साधा संकलक प्रत्येक वेळी रजिस्टर वाचत राहतो आणि काम निभते. नवा संकलक अधिक चतुर असतो; ही किंमत कोणीच बदलत नाही असे मानून तो एकदाच वाचतो, आणि यंत्र तेथेच थिजून जाते. दोष नव्या संकलकाचा नसतो. तो आज्ञावलीत आरंभापासूनच होता. जुन्याने तो झाकला होता, इतकेच.

तिसरे उदाहरण सर्वांत धोकादायक, कारण ते मूक आहे. इंजिनाने किंवा घड्याळाने हाक दिली की चिप हातचे काम सोडून त्या हाकेला धावते. यास इंटरप्ट म्हणतात. अनेक चिपमध्ये सामान्य उपकार्यातून परतण्याची आज्ञा वेगळी आणि इंटरप्टमधून परतण्याची वेगळी असते. अमुक कार्य इंटरप्टचे आहे, हे काही संकलक ‘प्राग्मा’ या सूचनेने ओळखतात, काही विशेष गुणधर्माने, तर काही स्वतःच्या खास शब्दाने. अनोळखी शब्द आला तर संकलक निदान तक्रार करतो. अनोळखी प्राग्मा मात्र तो दुर्लक्षून पुढे जातो. जीसीसीत तर इशारे मागितल्याशिवाय दिसतही नाहीत. आज्ञावली बिनतक्रार संकलित होते, चिपमध्ये भरली जाते, आणि पहिली हाक येताच यंत्र भरकटते.

याशिवाय बिटांच्या मांडणीचा क्रम, रचनेतील रिकाम्या जागा, अपूर्णांकाची लांबी, अक्षराला चिन्ह धरायचे की नाही, असे अनेक मतभेद आहेत. शिवाय वीज येताच ‘मेन’पूर्वी घडणारे काम वेगळेच : प्रारंभिक किमती स्थायी स्मृतीतून कार्यस्मृतीत आणणे आणि उरलेली स्मृती शून्य करणे. एका संकलकाच्या बरोबर येणारी ही व्यवस्था दुसऱ्यात हाताने लिहावी लागते. कोणता भाग स्मृतीत कोठे ठेवायचा, हे सांगणारा लिंकरचा नकाशाही नव्याने करावा लागतो.

म्हणून या कामाला शिस्त लागते. जुना संकलक असतानाच यंत्राचे वर्तन मोजून नोंदवावे. कोणती हाक किती मायक्रोसेकंदांत पुरी होते, स्मृती किती लागते, कोणत्या संकेताला काय उत्तर येते. ही नोंद नसेल, तर ‘पूर्वीसारखेच चालते’ या वाक्याला आधार उरत नाही. संकलकाशी बांधलेले सर्व शब्द एका जागी, एका शीर्षसंचिकेत आणावेत. सर्व इशारे चालू ठेवावेत आणि एकेकाचे उत्तर शोधावे. प्रथम संकलकाची चतुराई बंद ठेवून पडताळणी करावी, नंतर ती चालू करून पुन्हा करावी. चिप, संकलक आणि नवी वैशिष्ट्ये एकाच वेळी बदलू नयेत. अन्यथा चूक कोणत्या बदलाने झाली, हे कळत नाही. जुना संकलकही जपून ठेवावा, कारण रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांत त्याचेच काम असते.

‘इतकी वर्षे बिनचूक चालले आहे, आता काय व्हायचे?’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर ४ जून १९९६ या दिवशी मिळाले. युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच नष्ट झाले. एरियन ४ वर निर्दोष चाललेली आज्ञावली त्यात तशीच वापरली होती. नव्या बाणाचा वेग अधिक होता; त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. तेथे संकलक बदलला नव्हता, परिस्थिती बदलली होती. पण धडा एकच आहे : चाललेली आज्ञावली आणि योग्य आज्ञावली यांत अंतर असते, आणि स्थलांतराच्या वेळी ते अंतर उघडे पडते. मोटारींच्या आज्ञावलीसाठी मिस्रा सी ही नियमावली १९९८ मध्ये आली, तर आयएसओ २६२६२ हे सुरक्षामानक २०११ मध्ये. वापरलेल्या साधनावर विश्वास का ठेवावा, याचाही हिशेब हे मानक मागते. ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या माणसाला संकलकाचे नावही ठाऊक नसते. त्याच्या वतीने हा हिशेब अभियंत्याने द्यायचा असतो.

या विद्येची गरज पुढे वाढणार आहे. मद्रास आयआयटीची शक्ती, सी-डॅकची वेगा, मुंबई आयआयटीची अजित ही प्रक्रियकांची नावे आता देशी आहेत. पण चिप देशी झाली तरी तिच्यावर चालवायची आज्ञावली दुसऱ्या कोणत्या तरी चिपवरून, दुसऱ्या संकलकाकडूनच आणावी लागेल. ते आणणारे हात नसतील, तर उत्तम चिपही कपाटात पडून राहील. मुंबई आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगाचे शिक्षण देणारे केंद्र उभे राहिले, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. मुक्त साधनही कोणी सांभाळले तरच टिकते. सीआर१६ साठीचा भाग पुढे जीसीसीतून वगळला गेला. खुली संहिता असणे म्हणजे कायमची व्यवस्था झाली, असे नव्हे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी चकाकणाऱ्या नव्या नावांबरोबर हे खालच्या थरातले ज्ञानही मिळवावे. आणि ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी हिंजवडीहून रात्री उशिरा परतते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा विचारावे, ‘आज कोणती चूक सापडली?’ सापडलेली प्रत्येक चूक म्हणजे रस्त्यावर न झालेला एखादा अपघात असू शकतो. त्याची बातमी कधीच होत नाही. मात्र यंत्रावर विसंबणाऱ्या समाजाची सुरक्षितता अशा न झालेल्या बातम्यांवरच उभी असते.