सभा उठल्यावर काय उरते?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही व्यासंगी वक्ते नव्हेत. बँकेच्या काऊंटरवर बसून दिवसभर लोकांच्या खात्यांचे आकडे जुळविणारी माणसे. परंतु सतरंजी अंथरण्यापासून इतिवृत्त लिहिण्यापर्यंत बैठकीची सारी कामे आम्ही केली आहेत. त्या अनुभवावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

जयंतीला आपल्याकडे माणसांचा पूर लोटतो. मासिक बैठकीला मात्र पंधरा डोकी जमविताना कार्यकर्त्यांची दमछाक होते. "नुसत्या बैठका घेऊन काय होते?" असे आमचे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

मगधराज अजातशत्रूला वज्जी गणराज्यावर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा बुद्धांनी वज्जींच्या फौजेची गणती विचारली नाही. त्यांनी आनंदाला सात गोष्टी विचारल्या. त्यांतली पहिलीच गोष्ट ही, की वज्जी लोक वरचेवर सभा भरवितात की नाही. आणि दुसरी, की ते एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात की नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी बैठकीचे मोल याहून नेमके कोणी सांगितले असेल?

आता महाड पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे ठरविले. पण कागदावरच्या ठरावाने घसा ओला होत नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. आम्हा बँकवाल्यांना हा आकडा विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी परिषदेतली माणसे उठली, बाबासाहेबांच्या मागे शांतपणे चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली. तेथून परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. तरीही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उगारू दिला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते. चर्चा झाली, सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले, आणि मिरवणूक पाण्याला न शिवता तळ्याभोवती फिरून परतली. पुढे खटला लढविला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे पाऊल टाकायचे ते सभेने ठरविले आणि थांबायचे तेही सभेनेच ठरविले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

दूर अमेरिकेतही हेच दिसते. माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय लोकांची सभा भरली आणि बसवरील बहिष्कार चालू ठेवण्याचे ठरले. तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस पायी चालण्याचे बळ एका भाषणाने मिळत नाही. ते आठवड्याच्या आठवड्याला भरणाऱ्या सभांनी आणि त्यांत गोळा होणाऱ्या वर्गणीने पुरविले.

आपल्या भिवंडीचे उदाहरण तर घरचेच. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले ते गाव. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या झाल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे एका जागी बसू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या लाऊडस्पीकरवरून शेजारच्या वस्तीशी आमची बाचाबाची झाली. आम्ही तातडीची बैठक बोलाविली. तीन तास जोरदार भाषणे झाली, निषेधाचा ठरावही लिहिला. सभा उठता उठता मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "एवढं बोललात, पण त्यांच्या दारी कोण गेलं?" सर्वांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्या वस्तीत गेलो. त्यांच्या घरात आजारी म्हातारे माणूस होते, हे तेथे चहा पिताना कळले. तंटा तिथेच मिटला. तीन तासांच्या भाषणांत ही साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती, आणि आजींना आम्ही बोलायला सांगितलेच नव्हते!

म्हणून नम्र सूचना आहे. बैठक वेळेवर सुरू करा. मागच्या बैठकीत ठरलेले काम कोणी केले, हे आधी विचारा. जमाखर्च पैशापैशाने वाचून दाखवा, कारण हिशेब लपला की एकोपा फुटतो. माता-भगिनींना सतरंजीच्या कडेला बसवू नका, त्यांना आधी बोलू द्या. आणि ज्यांच्याशी वाद आहे, त्यांनाही एक निरोप धाडा.

विद्यार्थी मित्रहो, पुढचे इतिवृत्त तुमच्या हातचे असेल. त्यात भाषणे थोडी आणि झालेली कामे जास्त लिहिलेली असोत, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!