काकवी, एरंडेल आणि बी.एस्सी.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाच्या पदवीवर मी बोलावं याचं कुणालाही नवल वाटेल. पण माझी धाकटी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते आहे आणि तिच्यामागोमाग मीही थोडाफार त्या वर्गात डोकावलो आहे.

आमच्या घरात दखनी बोलतात, दाराबाहेर मराठी. दहावीपर्यंत मुलीचं शिक्षण मराठीतून झालं. अकरावीला सायन्स घेतलं की पुस्तकं इंग्रजी होतात. तरी ती दोन वर्षं क्लास, गाईड आणि चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय यांच्या जोरावर निघून जातात. खरी गाठ पडते पदवीच्या पहिल्या वर्षाला. तिथं उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहायचं, प्रयोग करून जर्नल पुरं करायचं, शिवाय तोंडी परीक्षेला उभं राहायचं. पहिल्या सत्रात एका रात्री ती म्हणाली, "अब्बा, मेरेकू समजताय, पन बोलनेकू नै आता. मैं बी.ए.कू जाती." बी.ए. म्हणजे हरल्यावर जायची जागा, हा आमच्याकडचा समज माझ्याच घरात ऐकून मला लागलं, ते वेगळं.

मी विचारलं, आज काय शिकवलं? म्हणाली, व्हिस्कॉसिटी. मी परिभाषेच्या पुस्तकात पाहिलं तर 'विष्यंदता' असा शब्द. आता सांगा, या दोन शब्दांतला आमच्या घराला जवळचा कुठला? मी म्हटलं, शब्द राहू दे, वस्तू सांग. तिनं प्रयोग सांगितला. काचेच्या उंच नळीत एरंडेल भरतात आणि वरून पोलादाची बारीक गोळी सोडतात. सुरुवातीला गोळीचा वेग वाढतो, पण तेलाचा विरोधही वाढत जातो आणि थोड्या अंतरानंतर वेग वाढायचा थांबतो. मग ती एकाच चालीनं खाली जाते. नळीवरच्या दोन खुणांमधलं अंतर कापायला तिला किती वेळ लागतो, तो स्टॉपवॉचवर मोजायचा. त्यावरून तेल किती दाट वाहतं ते काढता येतं. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं १८५१ साली मांडलेला हा नियम.

"म्हणजे काकवी," तिची आई आतून म्हणाली. थंडीत काकवी बाटलीतून हलत नाही, जरा शेकली की पळते. मुलगी हसली आणि सांगू लागली. द्रवाचे रेणू एकमेकांना धरून असतात. उष्णता दिली की ती पकड सैल होते, म्हणून काकवी पातळ वाहते. पण वायूचं उलट असतं. हवा तापली की तिची व्हिस्कॉसिटी वाढते. का? तर वायूचे रेणू मुळात एकमेकांपासून दूर, तिथं पकडीचा प्रश्न फारसा नाहीच. ते तापले की जोरात धावतात आणि एका थरातून दुसऱ्या थरात घुसून तिथल्या प्रवाहाला जास्त अडवतात किंवा ओढतात. हे सगळं तिनं दखनी, मराठी आणि इंग्रजीच्या खिचडीत सांगितलं. मला, बी.ए. झालेल्या माणसाला, ते कळलं.

पण पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारलं गेलं तेव्हा ती मराठीत सुरू झाली. परीक्षकांनी "इंग्लिश, प्लीज" म्हटलं आणि ती गप्प झाली. दुसऱ्या सत्रात दुसरे सर होते. ते म्हणाले, "आधी मराठीत सांग, मग त्यात इंग्रजी शब्द भर." ती बोलली.

सगळी पदवी मराठीत करा, असं माझं म्हणणं नाही. एम.एस्सी.ला, संशोधनाला, नोकरीला इंग्रजी लागणारच. मराठीत ज्ञान येतच नाही, असंही कुणी म्हणू नये. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करते आहे, नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळानं पदवीची पुस्तकं मराठीत काढली होती, आणि जयंत नारळीकरांनी तर खगोलशास्त्र आमच्यासारख्यांच्या ओसरीवर आणून ठेवलं. 'केमिस्ट्री' आणि आपली 'किमया' दोघींचं मूळ एकाच अरबी शब्दाशी पोचतं. शब्द असे फिरत असतातच, त्यांची मला भीती नाही. राग आहे तो, समजलेलं असूनही एखादं पोर गप्प बसवलं जातं त्याचा. २०२०च्या शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणात मातृभाषेचा पुरस्कार आहे. तो तोंडी परीक्षेच्या टेबलापर्यंत पोचला, तरी पुष्कळ मुली बी.एस्सी. सोडायच्या थांबतील.

आमची आता दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. तिची आई तीन वर्षं आणि मग बी.एड. म्हणते, मी चौथ्या वर्षाच्या बाजूचा. फीचा हिशोब मात्र अजून कुणीच मांडलेला नाही.