पोलीस कोठडीचे पंधरा दिवस



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'पोलीस कोठडीचे पंधरा दिवस' असे सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. वसंतातल्या संध्याकाळी लोक संतवाङ्मय ऐकायला येतात, हिमालयाची प्रवासवर्णने ऐकायला येतात. कोठडीचे वर्णन ऐकायला कोण येणार? पण आपण आला आहात. विषय थोडा रुक्ष आहे, तेवढा सोसावा.

११ ऑगस्ट २०२३ रोजी फौजदारी कायद्याची तीन विधेयके लोकसभेत मांडली गेली. डिसेंबरात ती मागे घेऊन सुधारलेली आणली, आणि त्याच महिन्याच्या २० व २१ तारखांना दोन्ही सभागृहांनी ती संमत केली. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ सभासद निलंबित झाले होते. १ जुलै २०२४ पासून हे कायदे अंमलात आले. या अवधीत वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती बहुतेक राजद्रोहाच्या कलमाची आणि कायद्यांच्या नव्या नावांची. आम्हाला मात्र काळजी वाटली ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७व्या कलमाची. आणि विधेयकाचा कायदा झाला म्हणून ती काळजी संपलेली नाही.

आधी जुनी रीत काय होती ते पाहू. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, असे आपल्या घटनेचे २२वे कलम सांगते. तिथून पुढे दोन वाटा. आमच्या कोर्टात त्यांना पी.सी.आर. आणि एम.सी.आर. म्हणतात. पहिली म्हणजे ठाण्यातली कोठडी, तपास करणाऱ्या पोलिसांच्याच हाती. दुसरी म्हणजे तुरुंग. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा अधिक नको, असे १९७३च्या संहितेत होते, आणि हे पंधरा दिवस म्हणजे रिमांडचे पहिलेच पंधरा दिवस, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये स्पष्ट केले. दोषारोपपत्र यायला पुढे साठ किंवा नव्वद दिवस लागोत, त्या गुन्ह्यात सोळाव्या दिवसानंतर आरोपी पुन्हा ठाण्यात जात नसे.

हा बांध कशासाठी घातला होता? १८७२च्या पुरावा कायद्यात इंग्रजाने लिहून ठेवले की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. साहेबाला आपल्या फौजदाराची चांगलीच पारख होती! पण त्यातच एक फट राहिली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे चालते. म्हणून मग निवेदन पंचनामा होतो, दोन पंच बोलावले जातात आणि आरोपी विहिरीतून कोयता काढून देतो. कित्येकदा हे सारे खरेच असते. पण आठवण ताजी करण्याचे काही उपाय ठाण्यात योजले जातात, हेही कोर्टाच्या व्हरांड्यात बसणारा प्रत्येक जण जाणतो. नव्या कायद्यातही ही फट तशीच आहे.

फार वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. तालुक्याच्या कोर्टात चोरीच्या आरोपाखाली एका हमाल पोराला आणले होते. मॅजिस्ट्रेटनी रिवाजाप्रमाणे विचारले, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' पोरगा म्हणाला, 'नाही, साहेब.' पुढच्या तारखेलाही तेच. पंधरा दिवस संपले, तो तुरुंगात गेला, आणि आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने सदरा वर करून पाठ दाखवली. आम्ही थोडे रागावूनच म्हणालो, 'अरे, कोर्टात का नाही बोललास?' तो म्हणाला, 'वकीलसाहेब, तवा मला परत त्याच गाडीत बसायचं होतं.'

श्रोतेहो, आमच्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आहे. नव्या कलमात पोलीस कोठडी एकूण पंधराच दिवसांची ठेवली आहे. पण ती तुकड्यातुकड्यांनी घेता येते, गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही. म्हणजे त्या पोराला आज तुरुंगात धाडले, तरी त्या गाडीत पुन्हा बसावे लागणार नाही याची हमी चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणी देऊ शकत नाही. तुरुंगाच्या डॉक्टरपुढे तो तोंड उघडेल का? सरकार म्हणते, एकूण दिवस तेवढेच आहेत. गणित बरोबर आहे. पण भीती दिवसांच्या बेरजेने मोजली जात नाही. जामिनाचेही तेच. पूर्वी पोलीस कोठडी संपली की जामिनाच्या अर्जाला वाट मिळे. आता 'आमचे सहा दिवस शिल्लक आहेत' एवढे म्हणायला सरकारी वकिलाला जागा झाली. आणखी एक बारीक गोष्ट: पंधरा दिवसांपुढची कोठडी 'पोलिसांच्या ताब्याव्यतिरिक्त' असावी, हे जुन्या कलमातले शब्द नव्यातून गळाले आहेत. कलम जपून वाचणाऱ्याला फरक पडू नये. पण रिमांडच्या घाईत सगळेच कुठे जपून वाचतात?

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. वजनदार आरोपी अटक होताच रुग्णालयात दाखल होतो आणि पंधरा दिवस खाटेवर काढून बाहेर येतो, हे आपण पाहिले आहे. अशाच एका खटल्यात एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेले दिवस पोलिसांना दिले आणि १९९२च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे म्हटले. अडचण खरी आहे. नव्या संहितेत झडतीचे चित्रीकरण आले, अटक झालेल्यांची नावे ठाण्यावर लावायची आली; या गोष्टी चांगल्याच आहेत. पण दहा लबाडांच्या रुग्णालयाच्या खाटेसाठी हजारो हमालांचा बांध फोडायचा, हे आम्हाला पटत नाही. आरोपीच्या वागण्यामुळे किंवा आजारामुळे दिवस वाया गेले, तर ते लेखी दाखवून तेवढेच मागा, असे कलमात घालता आले असते. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनेही या कलमाच्या गैरवापराची शंका घेतली होती आणि ते स्पष्ट करण्याची शिफारस केली होती. डिसेंबरच्या मसुद्यात ते स्पष्टीकरण आले नाही.

आता कुणी म्हणेल, कायदा झाला, आता काय? फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. आपल्या विधानसभेला त्यात दुरुस्ती करता येते. राष्ट्रपतींची संमती मात्र लागते. तेव्हा हे एक वाक्य आपल्या आमदाराकडे मागण्यासारखे आहे. आणि ते येईपर्यंत प्रत्येक सर्वोच्च-न्यायालयीन आदेश कागदावरून ठाण्यात उतरला आहे का, हे तरी पाहता येईल: २ डिसेंबर २०२०ला सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला, लॉकअपसुद्धा त्यात आले. आपल्या गावच्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे की नाही, हे विचारायला वकील लागत नाही.

घंटा झाली, अध्यक्षही घड्याळाकडे पाहत आहेत. त्या पोराचे पुढे काय झाले असे पहिल्या रांगेतून कुणी मघाशी चिठ्ठीवर विचारले आहे. तो सुटला. मुद्देमाल म्हणून दाखवलेली पोती त्याने दाखवली नव्हतीच. आणि हे त्याने प्रथम सांगितले ते सोळाव्या दिवशी.