चार ट्रॉम्बोनांची शाळा

पितळी वाद्यांत ट्रॉम्बोन वेगळा ठरतो तो त्याच्या स्लाइडमुळे. नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी सुमारे २.७ मीटर लांब असते. स्लाइड पूर्ण आत असते ती पहिली जागा आणि पूर्ण बाहेर जाते ती सातवी. या दोहोंमधले अंतर सुमारे ५५ ते ६० सेंटिमीटर असून त्यात सहा अर्धस्वर बसवायचे असतात. जागा दाखवणारी खूण नसते, खाचही नसते. सतारीला पडदे असतात, सारंगीला नसतात. या हिशेबाने ट्रॉम्बोन सारंगीच्या कुळातला. या वाद्यात कान आधी तयार व्हावा लागतो, हात त्याच्या मागून चालतो. असा कान घडवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे तीन-चार ट्रॉम्बोनांचा लहान संच. त्या संचाने वाजवायचे नवे संगीत आणि त्यातच व्हायचे विद्यार्थ्याचे शिक्षण, हा या भाषणाचा विषय आहे.

परिषदेने अध्यक्षपदाचा मान दिला, यजमानांनी अगत्य केले, याबद्दल मनःपूर्वक आभार. वर्षाच्या कामाचा आढावा घेण्याची प्रथा आहे. छापील अहवाल सभासदांच्या हाती असल्याने तो वेळ मूळ मुद्द्याला देणे योग्य.

ट्रॉम्बोनांचा संच ही काही आजची कल्पना नाही. हाइनरिक श्युट्झने १६२९ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात पुत्रशोकाच्या एका रचनेत खर्जातल्या गायकाभोवती चार ट्रॉम्बोन उभे केले. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावच्या मोरेव्हियन ख्रिस्ती समाजात १७५४ पासून ट्रॉम्बोनांचा ताफा आहे. गावात कुणी वारले की त्याची वार्ता हे ट्रॉम्बोन देत. बीथोवनने १८१२ मध्ये लिंत्स येथे मृतात्म्यांच्या स्मरणदिनासाठी चार ट्रॉम्बोनांच्या तीन छोट्या रचना लिहिल्या, आणि १८२७ मध्ये त्याच्याच अंत्यविधीत त्यांतल्या दोन ऐकू आल्या. स्ट्राविन्स्कीने १९५४ मध्ये कवी डिलन टॉमस यांच्या स्मृतीसाठी पुन्हा चार ट्रॉम्बोनच निवडले. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे या संचाला मुख्यतः शोकाचे काम मिळाले. त्यातून त्याचा आवाज संथ, भरीव आणि एकजीव घडला.

एवढी परंपरा असताना बहुतेक संगीतविद्यालयांत हा संच फावल्या वेळचा उपक्रम मानला जातो. वर्षानुवर्षे मनात राहिलेली तक्रार ती हीच. विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे वाद्यवृंदाच्या निवडचाचणीत विचारले जाणारे तुकडे घोकण्यात जातात: मोत्सार्टच्या 'रेक्विएम'मधला एक, रावेलच्या 'बोलेरो'तला एक, वाग्नरचा एक. हे तुकडे थोर आहेत, पण तुकड्यांतून माणूस ऐकायला शिकत नाही. ब्राम्सच्या १८७६ सालच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोन तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्या भागात प्रथम वाजतात. शांतपणे वाट पाहणे हा वादकाचा मोठा गुण आहे. मात्र तो अंगी येण्यासाठी आधी भरपूर वाजवलेले असावे लागते, आणि चौघांच्या संचात कुणालाही फार काळ थांबता येत नाही.

सूर यंत्रावर जुळवावा की कानाने, हा वाद परिषदेत दरवर्षी होतो. प्रस्तुत वक्त्याच्या वर्गातला एक प्रसंग त्यावर पुरेसा आहे. चार विद्यार्थ्यांनी यंत्र समोर ठेवून षड्ज, गंधार, पंचम आणि वरचा षड्ज धरला. काटा चौघांच्याही बाबतीत अचूक मध्यावर, तरी सूरमेळ खरखरत राहिला. यंत्र बंद केले आणि गंधार धरणाऱ्या मुलीला स्लाइड किंचित बाहेर न्यायला सांगितले. साधारण एक सेंटिमीटरवर खोली भरून गेली. कारण सोपे आहे. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर जवळपास चौदा भागांनी. ट्रॉम्बोनला तो गंधार सहज सापडतो, पियानोला सापडत नाही. त्या मुलीने पुढे यंत्र उघडलेले आठवत नाही.

दुसरा वाद नव्या संगीताचा. रॅबे आणि बार्क या दोघा स्वीडिश ट्रॉम्बोनवादकांनी १९६२ मध्ये चार ट्रॉम्बोनांसाठी 'बोलोस' रचले. संगीतकार बेरिओच्या १९६६ सालच्या ट्रॉम्बोनसाठीच्या एकल 'सेक्वेन्झा'त वादकाला वाजवता वाजवता गावे लागते. संगीतकार ग्लोबोकारने पाच ट्रॉम्बोनांकडून माणसाच्या बोलण्याचे आवाज काढून घेतले. अशा युक्त्यांनी कोवळ्या विद्यार्थ्याचे ओठ बिघडतात, असे अनेक सहकारी मानतात. वर्गातला अनुभव उलट आहे. एका मुलाचा सूर सतत हलत असे. त्याला वाद्यात षड्ज धरून गळ्याने पंचम गायला लावले. दोन्ही नेमके जुळले की खाली खर्जाचा षड्ज आणि वर गंधार आपोआप उमटतात. थोडे चुकले की ते विरतात. शिक्षकाने काही सांगण्याची गरज उरली नाही. एमरी रेमिंग्टन यांनी १९२२ ते १९७१ या काळात रॉचेस्टरच्या ईस्टमन विद्यालयात ट्रॉम्बोन गाण्यासारखा वाजवायला शिकवला, तो वादकांचा मोठा ताफा उभा करूनच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतही वाद्याआधी स्वरवाचन गळ्यातून पक्के करून घेत. मुंबईच्या चित्रपटसंगीताला त्या शाळांनी किती वादक दिले, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा अनुभव संगीतकारांचा. एका तरुण रचनाकाराने एका ट्रॉम्बोनसाठी पूर्ण सप्तकाची अखंड मींड लिहून आणली. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्लाइड शेवटपर्यंत ओढून दाखवली: एका श्वासात, एका स्वरमालेत मींड सहा अर्धस्वरांपलीकडे जात नाही. रचनाकार रात्रभर बसला आणि सकाळी तीच मींड त्याने चौघांत वाटून आणली. एकाची संपते तिथे दुसऱ्याची उचलली जाते, आणि जोड कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्या रचनेतला तोच भाग सर्वांत सुंदर झाला. विद्यार्थ्याला रचना कळली, रचनाकाराला वाद्य कळले, आणि दोन्ही एकाच सकाळी.

यातून परिषदेपुढे काही कामे येतात. पहिल्या वर्षापासून वाजवता येतील अशा चार ट्रॉम्बोनांच्या नव्या रचनांचा संग्रह करावा लागेल. त्याची श्रेणी कशी ठरवायची हे समितीने पाहावे. रचनाकारांना तालमीच्या खोलीत बसवण्याची व्यवस्था हवी, तिचा खर्च कुणी उचलायचा हे ठरलेले नाही. वार्षिक परीक्षेत चौघांच्या संचातील वादनाला एकल वादनाइतकेच गुण असावेत, हा ठराव आज दुपारच्या सत्रात मांडला जाईल.